पुडीतल्या गोळीचं नाव

परभणीहून पालमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पूर्णा तालुक्यातलं ताडकळस लागतं. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पोलीस ठाणं आहे, बाजारपेठ आहे. आजूबाजूच्या खेड्यांतलं माणूस दुखलं-खुपलं की परभणी गाठण्याआधी अशाच गावात येतं. इथल्या काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाजारगावातल्या काय, दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात काय असतं ते पाहावं. सरकारी केंद्रातून आला असेल तर केसपेपरावर औषधाचं नाव कसंबसं वाचता येतं. खासगी दवाखान्यातून आला असेल तर अजूनही पुष्कळदा कागदाची पुडी असते. एक पांढरी लांबट गोळी, एक पिवळी, एक अर्धी मोडलेली, आणि ‘सकाळ-संध्याकाळ, जेवण करून’ एवढी सूचना. स्ट्रिपमधून सुट्या केलेल्या गोळीला नाव उरत नाही.

ताप दोन दिवसांत उतरतो. तिसऱ्या दिवशी ढाळ लागतात, नाहीतर तोंडाला पाणी सुटून मळमळायला लागतं. घरातलं निदान ठरलेलं असतं: गोळ्या गरम पडल्या. मग कुणी गोळ्या बंद करून टाकतं, कुणी ताकावर राहतं, कुणी मेडिकलवर जाऊन जुलाबाची गोळी मागतं. मेडिकलवरून येणारी ही गोळी पुष्कळदा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र घातलेली असते. म्हणजे पहिल्या अँटिबायोटिकनं बिघडलेल्या पोटात आणखी दोन जंतुनाशकं गेली. जुलाब थांबले तर गोळीला यश, नाही थांबले तर सलाईन. मुळात जुलाब कशानं लागले हा प्रश्न या सगळ्यात कुणीच विचारत नाही.

‘गरम पडणं’ ही समजूत हसण्यावारी न्यावी असं मला वाटत नाही. त्रास खरा असतो आणि गोळीशी त्याची वेळही जुळते. गडबड पुढे होते. सगळ्या गोळ्यांचा त्रास एकाच खात्यावर मांडला जातो आणि सगळ्यांवर ताक हा एकच उतारा निघतो. प्रत्यक्षात वेगवेगळी अँटिबायोटिक्स वेगवेगळ्या वाटांनी पोट बिघडवतात. एक गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतली की निम्मा त्रास टळतो. दुसरीबरोबर दूध घेतलं तर औषधच वाया जातं. तिसरीला ग्लासभर पाणी आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं न होणं एवढं पुरतं. यातली आपली कोणती, हे गोळीच्या नावावरूनच कळतं.

आधी सगळ्यांत जास्त पोटात जाणारी गोळी घेऊ. भारतातल्या खासगी औषधबाजाराचा २०१९ सालचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात आला. त्यात पहिला नंबर अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा होता आणि दुसरा सेफिक्झिम २०० मिलिग्रॅमचा. घसा दुखला, खोकला झाला की तीन दिवसांसाठी जी मिळते ती यातली पहिली. ही गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत पोटात कळ येते, एखादी पातळ शौच होते. इतक्या लवकर आतड्यांतले जंतू मरून काही घडलेलं नसतं. आपल्या आतड्यांच्या भिंतीत मोटिलिन नावाच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जागा असतात. पोट रिकामं असताना हे संप्रेरक आतड्यांना हालवून आतलं उरलंसुरलं पुढे ढकलतं. एरिथ्रोमायसिन आणि तिची पुढची बहीण अझिथ्रोमायसिन या दोघी त्याच जागांवर जाऊन बसतात, एरिथ्रोमायसिन जास्त जोरात, अझिथ्रोमायसिन कमी. आतडं फसतं आणि आवळायला लागतं. ज्यांचं जठर मंद झालं आहे, अन्न पुढेच सरकत नाही, अशा रुग्णांना डॉक्टर मुद्दाम कमी मात्रेत एरिथ्रोमायसिन देतात. एकाचा दुष्परिणाम दुसऱ्याचं औषध होतो तो असा. ही कळ बहुधा आपोआप जाते, आणि तीन दिवसांच्या गोळ्या संपल्या की तिचा विषयही संपतो. तिच्यावर जुलाबाची गोळी घेणं म्हणजे जंतूंचा दोषच नसलेल्या ठिकाणी जंतुनाशक टाकणं.

पुढची गोळी मोठी, लांबट, गिळताना घशात अडकणारी. ‘सहाशे पंचवीस’ या नावानंच ती मेडिकलवर मागितली जाते. यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक ॲसिड असतं. काही जंतू अमॉक्सिसिलिन मोडून टाकणारं एन्झाइम तयार करतात, क्लॅव्युलॅनिक ॲसिड त्या एन्झाइमला अडकवून ठेवतं. पोटाला छळणारा भाग मुख्यतः हाच. त्यानं लहान आतड्याची हालचाल वाढते. जॉन बार्टलेट या अमेरिकन तज्ज्ञांनी २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अँटिबायोटिकनं होणाऱ्या जुलाबांचा आढावा घेतला होता. त्यात या जोडगोळीमुळे शंभरातल्या १० ते २५ जणांना जुलाब होतात असं नोंदलं आहे. सेफिक्झिममुळे १५ ते २० जणांना आणि अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन यांमुळे दोन ते पाच जणांना. म्हणजे जुलाब लागणं ही काही आपल्याच नशिबाची गोष्ट नव्हे. या जोडगोळीनं चार ते दहा जणांत एकाला होणार हे औषध लिहितानाच माहीत असतं. ते सांगितलं जात नाही, ही आपल्या बाह्यरुग्ण विभागांची खरी उणीव. रांग लांब असते हे मान्य, पण या एका वाक्याला दहा सेकंद लागतात.

या गोळीत एक हिशेबाची मेखही आहे. ‘सहाशे पंचवीस’ संपली म्हणून ‘तीनशे पंचाहत्तर’च्या दोन दिल्या असं कधीकधी होतं. ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० असतं, पण क्लॅव्युलॅनिक ॲसिड मात्र तेवढंच, १२५. दोन घेतल्या की अमॉक्सिसिलिन ५०० होतं आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड २५०, म्हणजे दुप्पट. जंतूवर परिणाम तोच, पोटावर मात्र दुप्पट भार. लहान मुलांच्या सिरपमध्ये पूर्वी चारास एक असं प्रमाण असे, पुढे सातास एक आलं, आणि मुलांचे जुलाब कमी झाले. त्यामुळे सिरपच्या बाटलीवरचे आकडे न पाहता ‘तेच आहे’ म्हणून दुसरं सिरप देणं बरोबर नाही. आणि ही गोळी ‘जेवण करून’ नव्हे, जेवायला बसताना घ्यावी, म्हणजे क्लॅव्युलॅनिक ॲसिड नीट शोषलं जातं आणि मळमळही कमी होते.

इथे थोडं मागे जायला हवं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा केंद्र सरकारचा कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला हात दिला, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन निघू लागलं. ते पेनिसिलिन सुईनंच द्यावं लागे, कारण जठरातल्या आम्लात ते टिकत नाही. आपल्याकडे ‘सुई मारली की बरं वाटतं’ हा जो पक्का विश्वास आहे त्याची एक मुळी त्या काळात असावी असं मला नेहमी वाटतं. तेव्हा खरोखरच बरं करणारं औषध सुईतूनच येत होतं. पुढे आम्लात टिकणारी औषधं आली. अँपिसिलिन १९६१ साली आलं, पण तोंडावाटे घेतलेल्यातलं निम्म्याच्या आसपासच रक्तात पोचायचं. उरलेलं खाली मोठ्या आतड्यात उतरून तिथल्या जिवाणूंना मारत सुटायचं, म्हणून जुलाब फार. १९७२ साली बाजारात आलेलं अमॉक्सिसिलिन रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं, म्हणून पोटाला सौम्य. त्यात क्लॅव्युलॅनिक ॲसिड मिसळलेली गोळी १९८१ साली इंग्लंडात विकायला आली आणि जुलाब पुन्हा वाढले.

पिंपरीच्या कारखान्याची आणखी एक आठवण या विषयात बसते. अँटिबायोटिकनं जिवाणू मरतात, बुरशी मरत नाही. जिवाणूंची गर्दी हटली की कँडिडा नावाची बुरशी फोफावते. तोंडात पांढरे चट्टे येतात, जीभ झोंबते, जेवण जात नाही. बायकांना अंगावरून पांढरं जाण्याचा आणि खाजेचा त्रास होतो, आणि लाजेपायी तो गोळीशी जोडून कुणाला सांगितलाही जात नाही. या बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध पिंपरीच्याच प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

सुईनं पोट बिघडत नाही, ही समजूत मात्र आता सोडायला हवी. सेफ्ट्रिॲक्सोन हे आज सलाईनमधून सर्रास दिलं जाणारं औषध. ते शिरेतून गेलं तरी त्यातलं पुष्कळसं पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि जुलाब होतात. काहींच्या पित्ताशयात त्याचा गाळही साचतो. सेफिक्झिमची गोळी त्याच घराण्यातली. तिचं शोषण निम्म्याच्या आसपासच होतं, शिवाय काही भाग पित्तातूनही उतरतो, म्हणून बार्टलेटांच्या यादीत ती इतकी वर आहे. २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन या यादीत सेफिक्झिम आहे. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही आणि विकलं की वहीत रुग्णाचं, डॉक्टरांचं आणि औषधाचं नाव टिपून ठेवायचं. किती दुकानांत ही वही रोज भरली जाते, ते ज्यानं त्यानं आपल्या गावातल्या मेडिकलवर पाहावं.

डॉक्सिसायक्लिनची तऱ्हा आणखी वेगळी. मुरुमांपासून स्क्रब टायफसपर्यंत ती चालते. ही कॅप्सूल घोटभर पाण्यानं गिळून लगेच अंथरुणावर पडलं तर ती अन्ननलिकेतच चिकटून राहते आणि तिथे विरघळते. तिचं आम्ल तिथलं अस्तर पोळतं. दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध आग होते, पाणी गिळतानाही दुखतं. माणूस घाबरून हृदयाचा कागद काढायला परभणीला जातो. उपाय औषधात नाही, पाण्यात आहे: भरलेला ग्लास पाणी आणि निदान अर्धा तास उभं किंवा बसून राहणं. रात्री झोपताना ही गोळी घेऊच नये.

मग ‘दुधाबरोबर घे, म्हणजे गरम पडणार नाही’ असा सल्ला मिळतो. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन्ही औषधं दुधातल्या कॅल्शियमला धरून बसतात. जोडी जमली की आतड्यातून रक्तात जाता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत दही-ताकालाही हेच लागू. गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि छातीत जळजळतं म्हणून घेतलेलं गुलाबी पातळ औषध, ही सगळीच या औषधांना अडवतात. म्हणजे गोळीचा त्रास होऊ नये म्हणून जे घेतलं, त्यानं गोळीच निकामी झाली. पोट शांत, आजार तसाच, आणि आठवड्यानं ‘हाय पॉवर’ची नवी गोळी. यांच्यात काही तासांचं अंतर ठेवलं की भागतं, पण त्यासाठी आपण सिप्रोफ्लॉक्सासिन घेतो आहोत हे माहीत असावं लागतं.

मेट्रोनिडाझोलबद्दल थोडक्यात. तोंडाला पत्र्याची चव येते, जीभ जड वाटते, मळमळतं. ती चव गोळीचीच, पित्ताची नव्हे. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो, आणि या दिवसांत दारू घेऊ नये अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते.

आता जंतूंकडे. वर सांगितलेल्या तऱ्हा गोळीच्या स्वतःच्या गुणांमुळे घडतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढे जे पातळ जुलाब होतात त्यांचं मूळ बहुधा मोठ्या आतड्यात असतं. तिथे आपल्या शरीरातल्या पेशींच्या बरोबरीनं म्हणता येतील इतके, सुमारे ३८ लाख कोटी, जिवाणू राहतात. ज्वारीची भाकरी, डाळ, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचवता येत नाही तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात आणि त्याच्या आधारानं मीठ-पाणी शोषून घेतात. अँटिबायोटिकनं हे जिवाणू विरळ झाले की चोथा आणि साखरा न आंबता तशाच राहतात, स्वतःभोवती पाणी ओढतात, शौच पातळ होते. यात विषारी असं काही नसतं, ताप नसतो, रक्त पडत नाही. बहुतेकांचं पोट गोळ्या संपल्यावर काही दिवसांत ताळ्यावर येतं.

भाकरी-डाळ खाणाऱ्या भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूंचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांच्या आतड्यांतले जिवाणू तपासून २०१२ साली निष्कर्ष छापले. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या आजोबा, मुलगा आणि नातू यांच्यातही वयानुसार या वस्तीची घडण बदलते असं त्यात दिसलं. नातवाला मानवलेली गोळी आजोबांना का बाधते, याचं एक कारण इथेही असू शकतं.

वस्ती परत येते का? डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन तगडी अँटिबायोटिक्स दिली. दीड महिन्यात वस्ती जवळपास पूर्ववत झाली, पण सुरुवातीला सगळ्यांच्या पोटात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांच्या पोटात सापडल्या नाहीत. २०१८ सालचा हा निष्कर्ष आहे. आपल्या तीन दिवसांच्या गोळीनं इतकं होत नाही, पण वर्षातून चार वेळा सर्दीवर अँटिबायोटिक घेणाऱ्यानं तो लक्षात ठेवावा. सर्दी विषाणूंची, अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. तिथे फायदा शून्य आणि जुलाब मात्र पुरते.

इथे दह्याचा आणि प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांतल्या प्रोबायोटिकचा प्रश्न येतो. लहान मुलांवरच्या ३३ प्रयोगांचा, सहा हजारांहून अधिक मुलांचा कॉक्रेन आढावा २०१९ साली आला. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांत शंभरातल्या आठांना जुलाब झाले, न घेणाऱ्यांत १९ जणांना. फायदा आहे, पण तो ठरावीक जातींचा आणि भरपूर मात्रेचा: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस किंवा सॅकॅरोमायसिस बुलार्डी. दुसरी ही यीस्ट आहे, जिवाणू नव्हे, म्हणून अँटिबायोटिक तिला मारत नाही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत चित्र वेगळं निघालं. ब्रिटनमध्ये सुमारे तीन हजार वृद्ध रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्लॅसाइड चाचणीत लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या मिश्रणाचा काही उपयोग दिसला नाही. इस्रायलमधल्या एका गटानं तर २०१८ साली दाखवलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची स्वतःची जुनी वस्ती परतायला उलट जास्त वेळ लागला. तेव्हा प्रत्येक चिठ्ठीवर सरसकट कुपी लिहिण्याला आधार नाही. मूल लहान आहे आणि औषध जुलाब लावणाऱ्यांपैकी आहे, तिथे ती ठीक. अंगात प्रतिकारशक्तीच नसलेल्या रुग्णाला जिवंत जंतू देताना डॉक्टरांनी दोनदा विचार करावा. घरच्या दह्याबद्दलचा पुरावा विस्कळीत आहे. पोटाला सोसत असेल तर खावं, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर गोळीपासून लांब ठेवून.

पुडीतली ती पिवळी गोळी बहुतेक वेळा पँटोप्राझोल असते, ‘गॅसची’. अँटिबायोटिक दिलं की सोबत तीही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. ती जठरातलं आम्ल कमी करते. अझिथ्रोमायसिनची कळ, क्लॅव्युलॅनिक ॲसिडचे जुलाब, मेट्रोनिडाझोलची पत्र्याची चव, यांतलं काहीही आम्लामुळे होत नाही, त्यामुळे ती थांबवतही नाही. उलट जठरातलं आम्ल हा बाहेरून येणाऱ्या जंतूंवरचा पहिला पहारा आहे. या गटातली औषधं घेणाऱ्यांत अँटिबायोटिकनंतरच्या एका गंभीर जुलाबाचा धोका जास्त दिसतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१२ सालीच दिला आहे. व्रणाचा किंवा खऱ्या आम्लपित्ताचा रुग्ण सोडला तर ती पिवळी गोळी कशासाठी, असं विचारायला हरकत नाही.

लहान मुलाला अँटिबायोटिकनं जुलाब लागले तर पहिली काळजी पाण्याची. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवली तर मीठ भयंकर वाढतं. आशाताईकडे ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. किराणा दुकानात गोड सरबताचे जे खोके ओआरएस म्हणून खपत होते ते त्यातले नव्हेत. त्यांच्यात साखर फार असते आणि साखरेनं पाणी आणखी ओढलं जातं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी याविरुद्ध कित्येक वर्षं झगडा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी केली. जुना माल अजून फळीवर दिसला तर घेऊ नये.

क्षयाच्या औषधांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. पहिल्या दोन महिन्यांत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल ही चार औषधं रोज घ्यावी लागतात, मग पुढचे चार महिने त्यांतली काही. मळमळ जवळपास ठरलेली. तिच्यापायी गोळ्या मनानं सोडल्या तर क्षय परततो, आणि परतताना औषधांना दाद न देणारा होऊन येऊ शकतो. घेण्याची वेळ बदलून, हलकं खाऊन बहुतेकांचं निभतं, ते केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून करावं. मात्र मळमळीबरोबर डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी गडद झाली, अन्नाचा वाससुद्धा नकोसा झाला, तर हा पोटाचा नाही, यकृताचा त्रास आहे. तेव्हा पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘सहाशे पंचवीस’नंही क्वचित अशी कावीळ होते, आणि कधीकधी गोळ्या संपून काही आठवडे उलटल्यावर.

राहिला तो गंभीर जुलाब. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल हा जंतू १९३५ साली तान्ह्या बाळांच्या शौचात सापडला होता. बाळांना तो काही करत नाही, म्हणून चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. अँटिबायोटिक घेतलेल्या माणसांच्या मोठ्या आतड्याला सूज आणून वर पांढरट पापुद्रा धरवणारा तोच, हे १९७८ साली बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. भरल्या शेतात त्याला जागा मिळत नाही. तणनाशक मारून रान मोकळं झालं की जे चिवट तण आधी उगवतं, तसा तो उगवतो. म्हातारी माणसं, नुकतेच मोठ्या दवाखान्यात राहून आलेले, बरीच अँटिबायोटिक्स घेतलेले, यांना धोका जास्त. दिवसात तीन किंवा त्याहून जास्त पातळ शौच, ताप, पोटात सतत दुखणं, कधी रक्त-आव. अशा वेळी जुलाब दाबणारी लोपेरामाइडसारखी गोळी घेणं घातक ठरू शकतं, विष आतच कोंडतं. उपचारात आधी शक्य असेल तर कारणीभूत अँटिबायोटिक थांबवतात, आणि मग व्हँकोमायसिन तोंडावाटे देतात. एरवी हे औषध शिरेतूनच द्यावं लागतं, कारण आतड्यातून ते रक्तात शिरत नाही. इथे तोच दोष कामी येतो. या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत, म्हणून अशा रुग्णाची सेवा करणाऱ्यानं हात साबण-पाण्यानंच धुवायचे.

हा जुलाब गोळ्या चालू असतानाच लागतो असं नाही. गोळ्या संपल्यावर आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही सुरू होतो. तोवर रुग्ण गोळ्या विसरलेला असतो. दात काढताना दिलेलं क्लिंडामायसिन त्याला औषध वाटतही नाही, ‘दाताचं काहीतरी’ वाटतं. जुलाबाचा म्हातारा रुग्ण समोर आला की मागच्या तीन महिन्यांत कुठली गोळी, कुठली सुई, कुठल्या डॉक्टरांकडची, हे डॉक्टरांना विचारावं लागतं. उत्तर द्यायला घरात निदान रिकामी स्ट्रिप तरी जपून ठेवलेली हवी.